ऑपेराच्या रंगमंचाची जुनी छापील चित्रे: ओळखावीत कशी, वाचावीत कशी, जपावीत कशी

काही वर्षांपूर्वी मी एक शिळाछाप चित्र फ्रेम करायला दिले होते. संगीतकार मायरबेअरच्या 'रॉबेर ल द्याब्ल' या ऑपेरातला मठाचा प्रवेश होता तो. कमानींची रांग, चांदणे आणि थडग्यांतून उठून नाचायला लागलेल्या जोगिणी. फ्रेम घरी आली तेव्हा चित्राखालची दोन बोटे रुंदीची पट्टी गायब होती. काचेत नीट बसावे म्हणून फ्रेमवाल्याने ती कापून टाकली होती. त्या पट्टीवर बारीक अक्षरांत नेपथ्यकाराचे, चित्रकाराचे आणि छापखान्याचे नाव होते, आणि मी ते कुठेच उतरवून ठेवले नव्हते. चित्र आजही भिंतीवर आहे. पण ते १८३१ च्या पहिल्या प्रयोगाचे की नंतर पुन्हा उभ्या केलेल्या प्रयोगाचे, हे आता मला ठामपणे सांगता येत नाही.

असे कागद कोणाकडे ना कोणाकडे असतात. मुंबईच्या चोर बाजारात इंग्रजी सचित्र साप्ताहिकांची सुटी पाने मिळतात, परदेशातून कोणीतरी जुन्या स्वरलिपीचे मुखपृष्ठ आणते, आणि इंटरनेटवर तर ग्रंथालयांनी हजारो चित्रे खुली केली आहेत. आपण त्यांच्याकडे फोटोसारखे बघतो, आणि पहिली चूक तिथेच होते. रंगमंचावर जे उभे होते ते आणि आपल्या हातातला कागद यांच्यामध्ये तीन-चार माणसांचे हात आहेत. कोणत्या हाताने काय केले ते वेगळे काढता आले, की चित्र बोलू लागते. ते कसे करायचे, ते क्रमाने सांगतो.

आधी हाताशी काय ठेवावे

जवाहिऱ्याकडे असते तसे दहापट भिंग, छोटा टॉर्च, मोजपट्टी, मऊ पेन्सिल आणि वही. पेन जवळ ठेवू नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कागद टेबलावर स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवा आणि उचलताना दोन्ही हातांनी उचला. एका कोपऱ्याला धरून उचललेला जुना कागद स्वतःच्याच वजनाने फाटतो.

पहिली पायरी: चित्र बाजूला ठेवा, किनार वाचा

चित्राच्या खालच्या कडेला लागून मुंगीच्या पावलांसारखी अक्षरे असतात. बहुतेक लॅटिन किंवा फ्रेंच शब्दांची लघुरूपे असतात आणि ती मोजकीच आहेत. 'इन्व्ह.' म्हणजे ज्याने कल्पना केली तो, नाटकाच्या चित्रात बहुधा नेपथ्यकार. 'पिंक्स.' म्हणजे ज्याने रंगवले तो. 'डेल.' म्हणजे ज्याने रेखाटले तो. 'स्क.' किंवा 'स्कल्प.' म्हणजे ज्याने धातूवर किंवा लाकडावर कोरले तो. 'लिथ.' म्हणजे ज्याने दगडावर चित्र काढले तो, कधी छापणाराही. 'इम्प.' म्हणजे छापखाना. पॅरिसच्या चित्रांवर 'इम्प. लमेर्सिए' वारंवार दिसेल, कारण शिळाछापाचे ते तिथले फार मोठे नाव होते. बहुधा डावीकडे मूळ कल्पना करणारा, उजवीकडे कोरणारा आणि मधोमध किंवा तळाशी छापखाना किंवा प्रकाशक अशी मांडणी असते.

ही नावे एका साखळीसारखी लिहून काढा: नेपथ्य कोणाचे, त्यावरून रेखाटन कोणाचे, कोरीव काम कोणाचे, छपाई कोणाची. या साखळीतली प्रत्येक कडी म्हणजे काहीतरी बदलण्याची एक संधी. बर्लिनचा वास्तुकार आणि नेपथ्यकार शिंकेल याने मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरासाठी केलेले, रात्रीच्या राणीचे ताऱ्यांच्या घुमटाचे दृश्य जगभर माहीत आहे. चंद्रकोरीवर उभी राणी आणि तिच्यावर ओळीने मांडलेले तारे. पण तो प्रयोग बर्लिनला जानेवारी १८१६ मध्ये झाला, आणि शिंकेलच्या नेपथ्याची चित्रे संग्रहाच्या रूपाने छापून बाहेर पडू लागली १८१९ पासून. ॲक्वाटिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने सावल्या उतरवून केलेली छपाईची चित्रे, केली टीले या कोरक्याने. म्हणजे आपण बघतो तो कागद नेपथ्यकाराच्या मनातला आदर्श दाखवतो. त्या रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात प्रेक्षकांना तारे इतके स्वच्छ दिसले असतील, असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरी पायरी: छापण्याची पद्धत ओळखा

ही पायरी घाईने करू नका. पद्धत कळली की काळ, किंमत आणि विश्वासार्हता या तिन्ही गोष्टींचा अंदाज येतो.

आधी टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. तिरकस उजेडात चित्राभोवती दबलेली चौकट दिसली तर ते तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरून छापलेले आहे. पत्रा ओल्या कागदावर प्रचंड दाबाने बसतो, त्याचा हा खळगा. आता भिंग लावा. बारीक, टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या रेषा असतील तर ते कोरीव काम. रेषांऐवजी सावलीच्या भागात पांढऱ्या सूक्ष्म बेटांभोवती काळ्या कड्यांचे जाळे दिसले तर ते ॲक्वाटिंट. मिलानच्या ला स्कालाचा नेपथ्यकार अलेस्सांद्रो सांक्विरीको याची दृश्ये अशीच ॲक्वाटिंटमध्ये छापून हाताने रंगवलेली आहेत. हाताने लावलेला रंग ओळखणे सोपे असते: तो रेषेबाहेर थोडा सांडतो, आणि भिंगाखाली त्यात ठिपके नसतात, सलग पाणीदार थर असतो.

दबलेली चौकट नाही, आणि भिंगाखाली खडूने खरखरीत कागदावर ओढल्यासारखे दाणे दिसतात? मग ते शिळाछाप. ही पद्धत मराठी माणसाला परकी नाही. आपल्या जुन्या पोथ्या आणि पंचांगे शिळाप्रेसवरच निघाली. तिचा जन्म मात्र नाटकाच्या ओढीतून झाला. आलोइस झेनेफेल्डर हा नटाचा मुलगा, स्वतः नाटके लिहिणारा. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून म्युनिकमध्ये प्रयोग करता करता १८ व्या शतकाच्या अगदी शेवटी त्याला ही युक्ती सापडली. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढ्या एका तत्त्वावर ती चालते: चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढा, दगड ओला करा, शाई फक्त खडूला धरते. चित्रकाराला थेट दगडावर काढता येते, कोरक्याची गरज उरत नाही. रंगमंचाच्या चित्रांना हे फार मानवले, कारण चांदणे, धुके, ज्वाळा आणि देवळातला अंधार खडूने जसा उतरतो तसा पोलादी रेषेने उतरत नाही.

एंगेलमानने १८३७ मध्ये रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. राजा रविवर्मांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे ज्यांनी भिंगाखाली पाहिली आहेत त्यांना हे लगेच ओळखू येईल: लहानमोठे, अनियमित, एकमेकांवर चढलेले रंगांचे ठिपके. लीबिग कंपनीच्या मांसाच्या अर्काबरोबर मिळणारी ऑपेराची छोटी कार्डे याच पद्धतीची. मागे जाहिरात, पुढे प्रवेश, आणि बहुधा सहा कार्डांचा संच.

मग राहिले साप्ताहिकांचे लाकडी ठसे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' मे १८४२ मध्ये सुरू झाले. पॅरिसचे 'ल'इल्युस्त्रास्यों' आणि लाइपझिगचे 'इलुस्ट्रीर्टे त्साइटुंग' त्याच्या पाठोपाठ १८४३ मध्ये. ठसा आणि अक्षरांचे खिळे एकाच वेळी छापता येत असल्याने चित्राच्या मागे जवळजवळ नेहमी मजकूर असतो आणि तो पुढून झिरपलेला दिसतो. बॉक्सवूड हे लाकूड घट्ट, पण खोड बारीक. त्यामुळे मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे मागून बोल्टने जोडत. चित्र काढून झाले की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटत, म्हणजे अंक वेळेवर निघे, आणि कोरून झाले की पुन्हा जोडत. भिंग घेऊन आकाशाच्या किंवा पडद्याच्या सपाट भागावरून हळूहळू सरका. एखादी केसाएवढी पांढरी सरळ रेघ चित्र उभे किंवा आडवे चिरत गेलेली दिसेल. दोन तुकड्यांमधला सांधा आहे तो. मला ही रेघ सापडली की आनंद होतो, कारण तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या माणसांचे हात ओळखू येतात. एकाची ढगांची वळणे गोल, दुसऱ्याची चपटी.

नियमित जाळीतले ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे फोटो ठिपक्यांत फोडून छापण्याची पद्धत, आणि म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांतले किंवा नंतरचे. आणि चार रंगांच्या ठिपक्यांची फुलासारखी गोल नक्षी दिसली तर ती अलीकडची ऑफसेट नक्कल. जुने म्हणून विकायला ठेवलेला कागद इथेच उघडा पडतो. आणखी एक सावधगिरी: साप्ताहिकांची चित्रे मुळात काळीपांढरी. त्यांवर दिसणारा रंग बऱ्याचदा विक्रेत्यांनी फार नंतर चढवलेला असतो. रंग बघून पोशाखाचा रंग ठरवू नका.

तिसरी पायरी: साल ठरवताना ऑपेराच्या पहिल्या प्रयोगावर विसंबू नका

शीर्षकात व्हेर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचे नाव लिहिलेले आहे, म्हणून चित्र १८७१ चे ठरत नाही. 'आयदा'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोला झाला. त्याचे नेपथ्य पॅरिसमध्ये तयार होत होते, आणि प्रशियाच्या फौजांनी शहराला वेढा दिल्याने ते तिथेच अडकून पडले, म्हणून प्रयोग लांबला. मिलानला फेब्रुवारी १८७२ मध्ये ला स्कालात उभे राहिले ते मान्यानी या नेपथ्यकाराचे वेगळे नेपथ्य. पॅरिसच्या ऑपेरात ती आली १८८० मध्ये, पुन्हा नव्या नेपथ्यासह. शेवटच्या प्रवेशात वर देऊळ आणि खाली तळघर असा दुमजली रंगमंच तिन्हीकडे होता, कारण तो संहितेतच आहे. तेव्हा दुमजली रंगमंच दिसला म्हणून कैरो म्हणू नका. खांबांची नक्षी, मूर्तींची जागा आणि कमानींची संख्या यांवरून नेपथ्य कोणाचे ते ठरते. वेबरच्या 'फ्राइशुट्स'चेही तसेच. पहिला प्रयोग बर्लिनचा, जून १८२१. पण लांडग्यांच्या दरीचे जे दृश्य पुस्तकांत बऱ्याचदा दिसते ते होल्डरमानने १८२२ मध्ये वायमारसाठी केलेले.

काळाच्या सीमा आखायला इमारतीही मदत करतात. पॅरिस ऑपेराचे ल पेलतिए रस्त्यावरचे थिएटर १८२१ ते १८७३ पर्यंत होते. ऑक्टोबर १८७३ मध्ये ते जळाले. वास्तुकार गार्निएची नवी इमारत जानेवारी १८७५ मध्ये उघडली. चित्रात थिएटरचे नाव असेल तर एवढ्याने अर्धे काम होते. स्वरलिपीच्या मुखपृष्ठांना आणखी एक खूण असते: प्रत्येक पानाच्या तळाशी छापलेला पत्र्याचा क्रमांक. रिकोर्दीसारखे प्रकाशक हे क्रमांक साधारण चढत्या क्रमाने देत, म्हणून त्यावरून साल बऱ्यापैकी जवळ आणता येते. म्हणून मुखपृष्ठ आतल्या पानांपासून कधीही सुटे करू नका.

चौथी पायरी: रंगमंचावर काय होते आणि कागदावर काय आले

इथे खरे वाचन सुरू होते. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांनी पाहिले आहेत, राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा, त्यांना एक गोष्ट अनुभवाने माहीत असते: नट पडद्याजवळ गेला की रंगवलेली लांबी कोसळते. पडद्यावरचा दूरचा दरवाजा कमरेएवढा असतो, आणि नट त्याच्याशेजारी राक्षस दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रंगमंचावरही हीच अडचण होती. म्हणून चित्रात सर्वात मागे, दूरच्या खांबांच्या रांगेत, बरोब्बर प्रमाणात लहान झालेली माणसे दिसली तर थांबा. ती चित्रकाराने घातलेली असण्याची शक्यता मोठी आहे. सांक्विरीकोच्या चित्रांत माणसे इतकी चिमुकली असतात की वास्तू अवाढव्य भासते. भव्यता दाखवणे हाच त्या संग्रहाचा हेतू होता.

मग पुढची कडा बघा. फूटलाइट, प्रॉम्प्टरची पेटी, वाद्यवृंद, विंगांच्या कडा, वरच्या झालरी. यांपैकी काहीच नसेल तर चित्रकाराने रंगमंच पुसून गोष्ट तेवढी काढली आहे. यांतले काही असेल तर तो थिएटरात बसून काढत होता, किंवा तसे दाखवू पाहत होता. अशा चित्राला नेपथ्याचा पुरावा म्हणून मी जास्त वजन देतो. स्वरलिपीच्या मुखपृष्ठाला सर्वात कमी. ते घरी पियानोवर वाजवणाऱ्यांसाठी होते, त्यामुळे त्यावर नायक-नायिका मोठे आणि देऊळ मागे धूसर.

डावे-उजवे तपासा. पत्र्यावर किंवा दगडावर जसे काढाल त्याच्या उलटे छापले जाते. कारागीर घाईत असला आणि मूळ चित्र सरळच उतरवले असले तर सगळा रंगमंच आरशातला होतो. एकापेक्षा जास्त लोकांनी डाव्या हाताने तलवार उपसली असेल तर चित्र उलटे आहे असे समजून पुढे चला.

उजेडाबाबत कागद जवळजवळ मुका असतो. पॅरिसच्या ऑपेरात गॅसचे दिवे १८२२ मध्ये आले. १८४९ मध्ये मायरबेअरच्या 'ल प्रोफेत'मध्ये विजेच्या आर्कने सूर्योदय दाखवला. काळ्यापांढऱ्या ठशात दोन्हींची किरणे सारखीच ओढलेली असतात. त्याच ऑपेरात नर्तकांनी चाकांचे स्केट घालून गोठलेल्या तळ्यावरची घसरण दाखवली होती. छापील चित्र सहसा प्रेक्षकाला जो भास झाला तो काढते, तो भास कसा घडवला ते दाखवत नाही.

याला सुंदर अपवाद आहे १८७६ च्या बायरॉइटचा, म्हणजे जर्मनीतल्या वाग्नरच्या स्वतःच्या थिएटरातल्या प्रयोगाचा. वाग्नरच्या 'रिंग'ची सुरुवात ऱ्हाइन नदीच्या तळाशी पोहणाऱ्या तीन जलकन्यांनी होते. सचित्र साप्ताहिकांत त्या पाण्यात तरंगताना छापून आल्या, पण पडद्यामागचेही एक चित्र आहे. त्यात जलकन्या उंच लोखंडी दांड्यांवरच्या पाळण्यांत पालथ्या पडल्या आहेत आणि खाली माणसे चाकांचे गाडे ढकलताहेत. मांडणी यंत्रकार कार्ल ब्रांटची. हे चित्र प्रेक्षकांतून काढलेल्या चित्राशेजारी ठेवून बघा. भास आणि यंत्र यांतले अंतर समजायला याहून चांगला धडा मला मिळालेला नाही.

आपल्याकडचे विषय असतील तेव्हा

मराठी वाचकाचा डोळा इथे पॅरिसच्या संग्राहकापेक्षा पुढे असतो. मायरबेअरच्या 'आफ्रिकेन' (१८६५) या ऑपेरात वास्को द गामा आहे, तिसऱ्या अंकात रंगमंचभर उभे केलेले, आतले मजले उघडे दाखवणारे जहाज आहे, आणि चौथ्या अंकात ब्रह्माचा महापुरोहित आहे. नाव आफ्रिकेचे, पूजा ब्रह्माची. नायिका ज्या विषारी झाडाखाली प्राण सोडते ते मँचिनील तर अमेरिकेतले. मास्नेच्या 'ल र्वा द लाओर'मध्ये (१८७७) तिसरा अंक इंद्राच्या स्वर्गात घडतो. देलीबच्या 'लाक्मे'मध्ये (१८८३) इंग्रज अमलातला भारत आहे आणि ब्राह्मणाचे नाव नीलकंठ. या ऑपेरांची चित्रे समोर आली की देवळाचे शिखर, खांब, मूर्तीचे हात, पुरोहिताचा वेष हे एकेक करून टिपा, आणि प्रत्येकाशेजारी लिहा: हे दक्षिणेकडचे, हे मुघल, हे कुठलेच नाही. हे टिपण खरे संशोधन आहे. नेपथ्यकाराने काय पाहिले असेल याचा माग त्यातून लागतो, आणि भारतीय वास्तू जवळून पाहिलेल्या माणसालाच ते करता येते.

पाचवी पायरी: कागदाबाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहा

आधी संहिता उघडा. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला दृश्याचे वर्णन असते: डावीकडे काय, मागे काय. मग प्रयोगपुस्तिका. पॅरिसमध्ये पालियांतीने अनेक ऑपेरांच्या अशा पुस्तिका छापल्या, दुसऱ्या गावांतल्या थिएटरांना तोच प्रयोग उभा करता यावा म्हणून. इटलीत रिकोर्दीने तशाच काढल्या. कोण कुठून येतो, खुर्ची कुठे, सैनिक किती, सारे त्यांत मिळते. चित्रातला पूल उजवीकडे आणि पुस्तिकेत डावीकडे असेल, तर उलट्या छपाईची शंका पक्की होते.

शेवटी मूळ रेखाटने. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालयातली नेपथ्यचित्रे, कागदी प्रतिकृती आणि छापील चित्रे फुकट पाहता येतात. शोधताना ऑपेराचे नाव फ्रेंच स्पेलिंगमध्येच द्या, नाहीतर काही सापडत नाही. निकालात 'एस्कीस' म्हणजे नेपथ्यकाराचे कच्चे चित्र, 'माकेत' म्हणजे प्रतिकृती, 'एस्तांप' म्हणजे छापील चित्र. तिन्ही एकाच प्रवेशाची मिळाली तर शेजारी शेजारी उघडा आणि फरकांची यादी करा. रिकोर्दीचे संग्रहालय, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांचेही नाट्यसंग्रह ऑनलाइन आहेत.

सहावी पायरी: नोंद आणि जपणूक

फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी चित्राचे पुढून, मागून आणि किनारीचे जवळून फोटो काढा. खिडकीजवळच्या उजेडात, थेट ऊन नको, फोन कागदाला समांतर. वहीत चित्राची आणि पूर्ण कागदाची मापे वेगवेगळी लिहा, किनारीवरचे प्रत्येक अक्षर जसेच्या तसे उतरवा, अगदी चुकीचे वाटले तरी. कागदावर काही लिहायचेच असेल तर मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने.

लॅमिनेशन कधीही करू नका. ते परत निघत नाही. सेलोटेप नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. फ्रेमवाला मागे साधा तपकिरी पुठ्ठा किंवा प्लायवूड लावतो, त्यातल्या आम्लाने चित्र पिवळे पडते. आम्लरहित बोर्ड मागून घ्या, काच आणि चित्र यांच्यात माउंट, म्हणजे काच चित्राला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट, ठेवायला सांगा, आणि कागद कुठेही कापायचा नाही हे चिठ्ठीवर लिहून द्या. भिंत ओलसर नसावी, ऊन येणारी नसावी.

पावसाळा हा मुंबई-कोकणातल्या कागदांचा खरा शत्रू. तांबूस ठिपके दमटपणातूनच वाढतात. कपाट भिंतीपासून सुटे ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी तापवून कोरड्या करा, आणि दर महिन्याला पाने उघडून कसर लागली नाही ना ते बघा. पोथ्यांमध्ये वेखंड ठेवण्याची आपली जुनी सवय चांगली आहे, पण वेखंडाचा तुकडा चित्राला टेकू देऊ नका. कापडाच्या पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. दमट कागद उन्हात घालू नका, पंख्याखाली सपाट ठेवून हवेवर सुकू द्या. बुरशी पसरली असेल किंवा कागद चिकटला असेल तर घरगुती उपाय थांबवून कागद-संवर्धकाकडेच न्या.

आणि साप्ताहिकाचे पान असेल तर त्याच्या मागचा मजकूर वाचायला विसरू नका. कधी त्यातच त्या प्रयोगाचे परीक्षण असते. मधली घडी आणि शिवणीची भोके दिसली तर ते बांधलेल्या खंडातून कापलेले आहे. साप्ताहिकाचे नाव, तारीख आणि पृष्ठ क्रमांक बहुधा पानाच्या माथ्याला असतात. ती कडा शाबूत असेल तर आधी तिचा फोटो काढा.